सोमवारी सकाळीच दुखणारं पोट

जूनचा शेवटचा आठवडा आला की नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या बिल्डिंगमध्ये सकाळी पावणेसातला दोन आवाज ठरलेले असतात. एक स्कूलव्हॅनच्या हॉर्नचा, दुसरा कुणाच्या तरी रडण्याचा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात. आमच्याकडची पोट्टी घरी जरा जास्तच रुळलेली असतात आणि रडणंही त्याच हिशोबानं होतं. पंधरा दिवसांत बहुतेकांचं थांबतं. गेल्या वर्षी एकीचं थांबलं नाही.

ती तिसरीत होती. रविवारी रात्री जेवण जाईनासं व्हायचं, सोमवारी सकाळी पोट दुखायचं आणि व्हॅन निघून गेली की तासाभरात पोट बरं. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला. आजीनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. शेवटी घरात निकाल लागला: "नाटकं करून राहिली ही."

हा निकाल घाईचा होता. रिपोर्ट नॉर्मल असणं आणि पोट खरोखर दुखणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ते कसं, आणि अशा मुलाची तपासणी नेमकी होते कशी, हे सांगायला हा लेख लिहितो आहे. (त्या घरच्यांना विचारून लिहितोय, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

भीती म्हणजे घरातला एमसीबी

मे महिन्यात दोन कूलर, फ्रिज आणि पाण्याची मोटर एकदम चालली की एमसीबी, म्हणजे वीज जास्त खेचली गेली की पुरवठा तोडणारा खटका, पडतो. आपण वैतागतो, पण तो बसवलेला असतो आपल्याला वाचवायलाच. भीतीचं तसंच आहे. रस्त्यात अचानक ट्रक समोर आला की विचार करायच्या आत पाय मागे येतात. अंगात अ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं, छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं आणि पचनाचं काम तेवढ्यापुरतं मागं पडतं. पोटात गोळा येतो, मळमळतं, सारखं बाथरूमला जावंसं वाटतं. परीक्षेच्या दिवशी आपल्या सगळ्यांना हा अनुभव आलेला आहे. आठ वर्षांच्या मुलाला 'मला आतून भीती वाटते' असं म्हणता येत नाही. त्याला पोट कळतं, म्हणून ते पोट दुखतं म्हणतं. दुखतंच ते.

आता असा एमसीबी डोळ्यांपुढे आणा, जो नुसता मिक्सर लावला तरी पडतो. चांगला इलेक्ट्रिशियन आला तर तो एमसीबी काढून तारा थेट जोडणार नाही. 'मिक्सर लावूच नका' असंही सांगणार नाही. तो विचारेल, कधी पडतो, काय लावल्यावर पडतो, दिवसातून किती वेळा. आणि सगळ्यात आधी बघेल, की आत कुठं खरंच शॉर्ट तर नाही ना.

धोका नसताना किंवा अगदी किरकोळ असताना पुन्हापुन्हा उसळणारी आणि मुलाचं रोजचं जगणं अडवणारी भीती, म्हणजे चिंताविकार. दवाखान्यात त्याला अँक्झायटी डिसऑर्डर म्हणतात. यापुढं मी चिंताविकार एवढाच शब्द वापरतो.

सगळीच मुलं घाबरतात, मग?

घाबरतातच. आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाकडे जात नाही. दोन-तीन वर्षांचं मूल आई दिसेनाशी झाली की भोकाड पसरतं. चार-पाचव्या वर्षी अंधार, भूत, पलंगाखालचं काहीतरी. सात-आठच्या पुढे वीज, अपघात, आजारपण, मरण. आणि बाराव्या-तेराव्या वर्षापासून लोक काय म्हणतील, हे सगळ्यात मोठं भूत. ही यादी वयाबरोबर आपोआप पुढे सरकते. तीन वर्षांच्या मुलानं आईचा पदर धरला तर तो वाढीचा भाग झाला. दहा वर्षांचा मुलगा आई आंघोळीला गेली तरी दाराबाहेर उभा राहत असेल, तर थांबून बघावं लागतं.

वयाइतकाच काळ महत्त्वाचा. जगभरचे मनोविकारतज्ज्ञ वापरतात त्या निदानाच्या निकषांत मुदती घालून दिलेल्या आहेत. आईवडिलांपासून दूर होण्याची भीती मुलांमध्ये किमान चार आठवडे टिकलेली हवी. ठरावीक ठिकाणी बोलणंच बंद होणं किमान एक महिना, आणि तोही शाळेचा पहिला महिना सोडून. पहिल्या महिन्यात गप्प बसणाऱ्या पोरावर कुणी घाईनं चिठ्ठी लावू नये म्हणून ही सोय आहे, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. लोकांसमोर जाण्याची भीती, एखाद्या ठरावीक गोष्टीचा फोबिया, आणि घर-शाळा-तब्येत-पैसा अशी सगळीकडे पसरलेली काळजी, यांना साधारण सहा महिने.

याचा अर्थ सहा महिने हातावर हात ठेवून बसा, असा नाही. मुदत नाव देण्यासाठी असते. मदत मागायला मुदत लागत नाही. मुलाची शाळा बुडत असेल तर दुसऱ्या आठवड्यातच विचारलेलं बरं.

न घडणाऱ्या गोष्टी मोजा

पालकांचा इथंच घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भीती डोळ्यांना क्वचित दिसते. दिसतं ते टाळणं. आणि टाळणं यशस्वी झालं की भीती दिसतच नाही, कारण मूल शांत होतं. सगळ्यांना वाटतं, सुटला प्रश्न. मधल्या सुट्टीत वर्गातच बसून चित्रं काढणारा मुलगा शिक्षकांच्या लेखी 'फार गुणी' असतो. वही तीन-तीनदा खोडून पुन्हा लिहिणारी मुलगी 'नीटनेटकी' असते. वाढदिवसाला न जाणारा 'घरकोंबडा' आणि शाळेचं बाथरूम सात तास न वापरणारी 'शिस्तीची'. असलं मूल कुणाला त्रास देत नाही, मग त्याच्याकडे लक्ष कोण देणार?

उलट टोकाला, हीच भीती रागाच्या रूपानं येते. बूट फेकणारं, व्हॅनच्या दाराला लाथा मारणारं, जमिनीवर लोळणारं मूल हट्टी आहे असं आपण ठरवून टाकतो. निकषांत स्पष्ट म्हटलेलं आहे, की मुलांमध्ये भीती रडणं, आकांडतांडव, चिकटून बसणं किंवा जागच्या जागी थिजणं अशीही दिसू शकते.

तान्हा पोळा आठवा. पोरं नटूनथटून, लाकडी बैल ओढत दारोदार जातात, बोजारा (खाऊ-पैसे) मागतात, मोठी माणसं नाव विचारतात. एखादं मूल घरात बडबडं असतं, भावंडांवर दादागिरी करतं, आणि शेजारच्या काकूंनी "नाव काय बाळा?" विचारलं की ओठ शिवल्यासारखे. लाजाळू मूलही आधी असंच करतं, पण चौथ्या घरापर्यंत खुलतं. जे मूल वर्षभर शाळेत एक शब्द बोलत नाही, 'बाथरूमला जाऊ?' हेही विचारत नाही, त्याला लाजाळू म्हणून सोडून देता येत नाही. याला निवडक मौन म्हणतात. नाव जरा फसवं आहे. मूल ठरवून गप्प बसत नसतं, त्याचा आवाजच अडकतो.

नागपुरात याला आणखी एक पदर आहे. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. इंग्रजी शाळेत गप्प असलेलं मूल घाबरलेलं आहे, की त्याला भाषाच येत नाही? निकष सांगतात, भाषा येत नसल्यामुळे आलेलं मौन यात धरायचं नाही. म्हणून बघावं लागतं, की वर्गातली मराठी बोलणारी मैत्रीण शेजारी बसली तरी ते गप्पच राहतं का.

तेव्हा 'माझं मूल किती घाबरतं?' हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याच्या वयाची बाकी मुलं सहज करतात आणि हे करत नाही, अशा गोष्टी कोणत्या? मामाकडे मुक्काम, दुकानातून दूध आणणं, वर्गात हात वर करणं, एकट्यानं झोपणं. आणि त्याच्या टाळण्यापायी घरातल्यांनी काय काय बदललं आहे? आई रोज शेजारी झोपते, बाबांनी ऑफिसची वेळ बदलली, बाहेरगावी जाणंच बंद झालं. हे सगळं प्रेमापोटी होतं, पण मिक्सर न लावण्यातलाच हा प्रकार. घर जितकं वळण घेतं, तितकं मुलाला वाटतं की त्या वाटेवर खरंच काहीतरी आहे.

डॉक्टर नेमकं काय बघतात?

चिंताविकाराची रक्ततपासणी नाही. एमआरआयमध्ये तो दिसत नाही. म्हणून लोकांना वाटतं, डॉक्टर नुसत्या गप्पा मारतात आणि फी घेतात. पण तपासणी त्या गप्पांतच असते, आणि ती बहुधा एका भेटीत संपत नाही.

आधी शॉर्ट आहे का ते बघायचं. शरीरात: थायरॉइड जास्त काम करत असेल तर छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. दम्याच्या पंपातल्या सालबुटामॉलनंही थरथर आणि धडधड होते. कॉफी आणि एनर्जी ड्रिंकवर अभ्यास करणारा दहावीचा पोरगा तर वेगळाच विषय. मग भोवताली: कुणी व्हॅनमध्ये मारतं का, चिडवतं का, नको तिथं हात लावतं का. शिक्षक हात उगारतात का; शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे, तरी विचारावं लागतं. फळ्यावरचं दिसतं का. वाचताना अक्षरं अडतात का. ज्याला वाचता येत नाही आणि रोज उभं करून वाचायला लावतात, त्याची भीती अगदी रास्त आहे. तिथं मुलाला धीर देऊन भागत नाही, वाचनाचा इलाज लागतो. मारकुट्या मुलाला घाबरणाऱ्या पोराला 'भीतीला सामोरा जा' म्हणणं तर क्रूरपणाच.

मग मुलाशी वेगळं आणि पालकांशी वेगळं बोलणं. मुलाचं आणि आईवडिलांचं सांगणं बरेचदा जुळत नाही, आणि कुणीच खोटं बोलत नसतं. आईला रडणं दिसतं, मुलाला डोक्यातली चित्रं दिसतात, शिक्षकांना रिकामा बाक दिसतो. तिन्ही जोडल्याशिवाय आकार कळत नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या पोरीचं असंच झालं. दोन महिने सगळे शाळेला दोष देत होते. नव्या टीचर कडक आहेत म्हणून वर्ग बदलून मागायची तयारी झाली होती. मनोविकारतज्ज्ञांनी तिला विचारलं, "वर्गात बसलीस की डोळ्यांपुढे काय येतं?" ती म्हणाली, "मम्मी किचनमध्ये पडलेली." मे महिन्यात आईला ऊन लागून सलाईन लावावं लागलं होतं. ती पडली तेव्हा घरात ही एकटीच होती. शाळेची भीती नव्हतीच. भीती घराची होती, म्हणजे आपण नसताना घरात काय होईल याची. वर्ग बदलून काय होणार होतं?

'शाळेत जात नाही' ही तक्रार एकच असते, पण खाली पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात. आईपासून दूर होण्याची भीती, सगळ्यांसमोर चुकण्याची भीती, वर्गात उलटी होईल ही भीती, अचानक छातीत धडधडून जीव जातोय असं वाटणारा पॅनिक अटॅक, किंवा भीती नाहीच, उदासी. प्रत्येकाचा इलाज वेगळा. तपासणीत हेच शोधायचं असतं: मूल काय टाळतंय, आणि टाळलं नाही तर काय होईल असं त्याला वाटतंय.

उदासीबद्दल विचारताना डॉक्टर मोठ्या मुलांना स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलही सरळ विचारतात. पालक दचकतात. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला जागा मिळते.

ती प्रश्नावली म्हणजे काय?

बरेचदा एक कागद भरायला देतात. जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली 'स्केअर्ड' नावाची आहे. तिच्यात ४१ वाक्यं असतात आणि ती साधारण ८ ते १८ वयासाठी आहे. प्रत्येक वाक्यापुढे शून्य, एक किंवा दोन. एक प्रत मुलानं भरायची, एक पालकानं. बेरीज २५ किंवा त्याहून जास्त आली तर पुढे तपासावं, असा संकेत.

पुढे तपासावं, एवढंच. ही पिठाची चाळणी आहे. वर जे राहील ते हातात घेऊन बघायचं. त्यात कोंडाही निघतो, आणि बारीक खडा कधी खालीही जातो. तरीही हल्ली लोक नेटवरून असले फॉर्म उतरवून घरी भरतात आणि "तिला एकतीस आले" असं टक्केवारी सांगितल्यासारखं सांगतात. घटक चाचणीच्या आठवड्यात भरला तर नागपुरातल्या अर्ध्या पोरांना एकतीस येतील! अमेरिकेत २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या सरकारनियुक्त मंडळानं ८ ते १८ वयाच्या सगळ्या मुलांची अशी चाळणी करावी अशी शिफारस केली, ती मुलं निसटू नयेत म्हणून. कागदावरून निदान करा, असं तेही म्हणत नाहीत.

"आमच्या काळी असलं काही नव्हतं"

होतं. त्याला भित्रा भागूबाई म्हणायचे. त्यातली काही मुलं सावरली. काही चौथीनंतर शाळेतून नाहीशी झाली, आणि 'त्याला शिक्षणात गोडी नव्हती' असं म्हणून विषय संपला. प्रत्येक खानदानात एक काका असतोच, जो लग्नाला येत नाही आणि आला तर मांडवाच्या बाहेर उभा राहतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी सुमारे ७.३ टक्क्यांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि त्यात चिंताविकारांचा वाटा मोठा होता. सर्वेक्षणात मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही आपली शेजारची राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. पण सिवनी किंवा राजनांदगावचं पोर आणि आपलं पोर यांत असा कितीसा फरक असणार?

"म्हणजे आमचंच चुकलं का?"

नाही. चिंतेचा कल काही प्रमाणात घराण्यात चालत येतो, उंचीसारखा. बऱ्याच वेळा तपासणीला आलेल्या मुलाच्या वडिलांनाच उत्तरं देता देता आठवतं, की आपणही तोंडी परीक्षेला ताप आणायचो. घरानं घेतलेली वळणं भीतीला खतपाणी घालतात हे खरं. पण ती वळणं घेणारे आईवडील प्रेमळच असतात, बेफिकीर नसतात.

"गोळ्या सुरू करतील"

सहसा पहिली पायरी बोलण्याच्या उपचाराची असते. मुलाबरोबर भीतीची शिडी आखतात. सगळ्यात सोपी पायरी खाली, अवघड वर. आमच्या पोरीची पहिली पायरी होती, आई गच्चीवर आणि ती दहा मिनिटं घरात. मग आई कोपऱ्यावरच्या दुकानात. मग शाळेत पहिले दोन तास, मधे फोन नाही. इथं एमसीबीची उपमा संपते. एमसीबी शिकत नाही, मुलाचा मेंदू शिकतो. भीती वाटली, मी थांबले, काही झालं नाही, हे दहा वेळा घडलं की तो स्वतःच सैल पडतो.

गोळ्यांबद्दलही आकडे आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. बारा आठवड्यांनी, नुसत्या बोलण्याच्या उपचारानं शंभरातली साधारण ६० मुलं चांगली सुधारली, नुसत्या सर्ट्रालिन या गोळीनं ५५, दोन्ही मिळून ८१, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीनं २४. गोळी निरुपयोगी नाही आणि राक्षसही नाही. त्रास जास्त असेल तर तज्ज्ञ ती सुचवतात. दुकानातून स्वतःच्या मनानं झोपेची गोळी आणून मुलाला देणं मात्र अजिबात नको.

"शिक्का बसेल"

याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. लोक बोलतात. पण मूल तीन महिने शाळेत गेलं नाही तरी बोलतात, आणि 'नाटकी' हा शिक्का तर घरातच बसलेला असतो. शाळेला सगळं सांगायची गरज नाही. 'सध्या उपचार सुरू आहेत, पहिले दोन आठवडे अर्धा दिवस येईल' एवढी चिठ्ठी पुरते.

नागपुरात कुठे?

आधी आपले नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, म्हणजे शरीराची बाजू निकालात निघते. मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे आणि ओपीडी खाजगीपेक्षा खूप स्वस्त पडते. गर्दी असते, सकाळी लवकर जावं. घरबसल्या बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलावर कुणी अत्याचार करत असल्याचा संशय असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत नंबर. आणि मुलानं मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा केली तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.

जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. पोट कधी दुखलं, त्याआधी काय होणार होतं, तुम्ही काय केलंत, किती वेळात थांबलं. चार रकाने पुरतात. त्या पोरीच्या वडिलांनी हे एका जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून नेलं होतं. सगळी दुखणी शाळेच्या दिवसांतली असतील असं सगळ्यांना वाटत होतं. कॅलेंडरवर दोन दुखणी रविवारची निघाली. दोन्ही रविवारी आई इतवारीत खरेदीला गेली होती.

आणि मुलाला कुठं नेतोय ते खरं सांगा. 'आईस्क्रीम खायला जातोय' म्हणून नेलेलं मूल दवाखान्याची पाटी वाचतं, आणि मग पहिली भेट वायाच जाते. 'तुझं पोट का दुखतं हे शोधणारे डॉक्टर आहेत, ते खूप प्रश्न विचारतात' एवढं पुरतं. ते सुई टोचत नाहीत, असं मात्र वचन देऊ नका. थायरॉइडसाठी रक्त घ्यावं लागलं, तर पुढच्या वेळी मूल तुमच्याबरोबर लिफ्टपर्यंतसुद्धा येणार नाही.